गाडी लेव्हल २ची, मग रस्ता कितवीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नवीन गाडीत लेव्हल २ची एडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे. एक्स्प्रेसवेच्या सरळ भागात गाडी लेनच्या मधोमध छान चालते. बोरघाट उतरताना मात्र डॅशबोर्डवरचं स्टिअरिंगचं हिरवं चिन्ह मध्येच राखाडी होतं आणि यंत्रणा हात सोडते. शोरूमवाले म्हणतात, रस्त्याचा दोष. भाचा जर्मनीत असतो, तो म्हणतो तिकडे रस्त्यांनाही श्रेणी असते. खरं काय, आणि आपला रस्ता कुठल्या श्रेणीत?"

शोरूमवाले अर्धे बरोबर आहेत आणि भाचाही अर्धा बरोबर आहे. मी बावीस वर्षं रस्ता सुरक्षा परीक्षणाचं काम करतो, त्यातली पाच ऑस्ट्रियात गेली. त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकलाय. गाडीवाले रस्त्याकडे बोट दाखवतात, रस्तेवाले गाडीकडे.

आधी गाडीचं बघू. ०पासून ५पर्यंतच्या या लेव्हल अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवल्या. त्या मानकाचं नाव जे३०१६. ते पहिल्यांदा जानेवारी २०१४मध्ये आलं आणि आज वापरात आहे ती एप्रिल २०२१ची सुधारित आवृत्ती. लोकांना वाटतं या शाळेच्या इयत्ता आहेत, म्हणजे तिसरीतली गाडी दुसरीतल्या गाडीपेक्षा हुशार. तसं नाही. कामाची वाटणी कशी झाली आहे, एवढंच तो आकडा सांगतो. स्टिअरिंग आणि वेग कोण सांभाळतं, रस्त्यावर नजर कोण ठेवतं, गडबड झाली तर कोण निस्तरतं, आणि हे सगळं कुठे चालतं, हे चार प्रश्न.

लेव्हल ०मध्ये गाडी फार तर इशारा देते किंवा क्षणभर मध्ये पडते. ऐनवेळी आपोआप लागणारा ब्रेक लेव्हल ०मध्येच मोडतो, हे ऐकून बरेच जण चमकतात. १मध्ये स्टिअरिंग किंवा वेग, दोन्हींपैकी एक गोष्ट गाडी सतत सांभाळते. २मध्ये दोन्ही, पण नजर तुमची. ३मध्ये नजरही गाडीची, मात्र तिने हाक मारली की तुम्ही ताबा घ्यायचा. ४मध्ये ठरलेल्या हद्दीत हाक मारायचीही गरज नाही, काही बिनसलं तर गाडी स्वतःच सुरक्षित जागी जाऊन थांबते. ५ला हद्दच नाही, आणि अशी गाडी कुणीही रस्त्यावर आणलेली नाही.

खरी भिंत २ आणि ३च्या मध्ये आहे. भिंतीच्या अलीकडे चालक तुम्ही आणि यंत्रणा मदतनीस. पलीकडे यंत्रणा चालू असेपर्यंत चालक तीच. म्हणून कुणी जाहिरातीत "जवळजवळ लेव्हल ३" म्हणालं की मी कान टवकारतो. नजर ठेवायची जबाबदारी जवळजवळ कुणाची नसते, एक तर तुमची असते किंवा गाडीची.

आणखी एक बारकावा. लेव्हल गाडीला चिकटलेली नसते, त्या क्षणी चालू असलेल्या सुविधेला असते. तुमचीच गाडी एक्स्प्रेसवेवर लेव्हल २ असते आणि तुळशीबागेच्या गल्लीत लेव्हल ०. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, बदलला तो रस्ता. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

गाडी, माणूस आणि रस्ता एकाच अपघातात कसे गुंततात, ते कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला दिसलं. २३ मार्च २०१८. यूएस-१०१ महामार्गावर टेस्लाची मॉडेल एक्स, ऑटोपायलट चालू, म्हणजे लेव्हल २. डावीकडे एक फाटा फुटतो, आणि तिथे दोन वाटांच्या मध्ये पट्ट्यांचा एक लांबट त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण चालवण्यासाठी नसतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे असल्यामुळे कॅमेऱ्याला तो लेनसारखा दिसू शकतो. गाडी त्यात शिरली. समोर दुसरी गाडी उरली नाही म्हणून तिने वेगही वाढवला आणि सुमारे ताशी ११४ किलोमीटरने दुभाजकाच्या टोकावर आदळली. चालक गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२०मध्ये निष्कर्ष दिले. यंत्रणेच्या मर्यादेमुळे गाडी त्रिकोणात वळली, चालकाचं लक्ष बहुधा मोबाइलवरच्या गेममध्ये होतं, तो लक्ष देतोय की नाही हे तपासायची गाडीची पद्धत तोकडी होती. आणि चौथी गोष्ट रस्त्याची: टोकावरची धडक शोषणारी क्रॅश कुशन अकरा दिवसांपूर्वीच्या अपघातात चेपली होती, ती दुरुस्त झालेली नव्हती. ती धड असती तर मार इतका जबर बसला नसता. आमच्या धंद्यात प्रशिक्षणाला मी हेच प्रकरण घेतो, कारण यात एकाच बाजूला दोष ढकलून मोकळं होता येत नाही.

आता हद्दीचा मुद्दा. यंत्रणा कुठल्या परिस्थितीत चालावी म्हणून बनवली आहे, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ओडीडी म्हणतात. मी मराठीत कार्यकक्षा म्हणतो. मर्सिडीजची ड्राइव्ह पायलट ही लेव्हल ३ यंत्रणा जर्मनीत २०२२मध्ये विक्रीला आली, तेव्हाची तिची कार्यकक्षा वाचण्यासारखी आहे. फक्त ऑटोबान म्हणजे तिकडचा एक्स्प्रेसवे, ताशी ६०पर्यंत म्हणजे तुंबलेल्या वाहतुकीत, उजेडात, पाऊस नको, बोगदा नको, रस्त्याचं काम चालू असलेला भाग नको. रस्ता ओला आहे का हे कळायला चाकाच्या वर, आतल्या बाजूला एक सेन्सर बसवलेला. जगातल्या उत्तम रस्त्यांपैकी एकावर, उत्तम गाडी, आणि तरी अटी एवढ्या! डिसेंबर २०२४मध्ये जर्मनीत तिला ताशी ९५पर्यंत मंजुरी मिळाली. त्या यादीतली प्रत्येक अट बघा: वेग सोडला तर बाकीच्या रस्त्याच्या, हवामानाच्या किंवा उजेडाच्या आहेत.

यात एक हिशेब रस्तेवाल्यांच्या डोक्यात बसायला हवा. अशा लेव्हल ३ यंत्रणांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५७ आहे. गाडीने ताबा घ्या म्हटल्यावर चालकाला साधारण १० सेकंद द्यावे लागतात, मगच ती स्वतः थांबायला लागते. सुरुवातीला हा नियम ताशी ६०पर्यंत होता, २०२२च्या दुरुस्तीने १३०पर्यंत नेला. ताशी ६०ला १० सेकंद म्हणजे १६७ मीटर. १३०ला ३६१ मीटर. म्हणजे पुढे लेन बंद आहे हे गाडीला साडेतीनशे मीटरांहून अधिक आधी कळलं पाहिजे. कॅमेऱ्याला तेवढ्या लांबचे शंकू खात्रीने दिसत नाहीत, वळण असेल तर मुळीच नाही. मग ते सांगणार कोण? रस्ताच.

इथून रस्त्यांच्या श्रेणीचा विषय सुरू होतो. भाचा म्हणतो ती बहुधा आयसॅड. इन्फ्रामिक्स नावाचा युरोपीय संघाच्या पैशावर चाललेला प्रकल्प होता, २०१७ ते २०२०. चाचण्या ऑस्ट्रियात ग्राझजवळच्या ए२ महामार्गावर आणि स्पेनमध्ये गिरोनाजवळच्या एपी-७वर झाल्या. एकाच रस्त्यावर माणसांच्या आणि स्वयंचलित गाड्या मिसळून चालणार असतील तर रस्त्याने काय करायचं, हा त्याचा विषय. त्यातून रस्त्यांच्या ए ते ई अशा पाच पायऱ्या निघाल्या, त्यांनाच आयसॅड म्हणतात. हा कायदा नाही, वर्गीकरण आहे. गाडीत आकडा वाढला की चढती पायरी, इथे ए सगळ्यांत वरचा, त्यामुळे बैठकीत नवखा माणूस हमखास उलटं बोलतो. मीही बोललोय.

ई म्हणजे नेहमीचा रस्ता. पट्टे, पाट्या, वळणं गाडीने आपल्या डोळ्यांनी ओळखायची. डी म्हणजे रस्त्याचा पक्का डिजिटल नकाशा उपलब्ध आहे, कायमच्या पाट्यांसकट. सिग्नल, तात्पुरती कामं, बदलत्या संदेशांचे फलक मात्र गाडीनेच बघायचे. सीला बदलती माहितीही डिजिटल रूपात गाडीपर्यंत जाते: पुढे काम चालू आहे, डावी लेन बंद, आता वेगमर्यादा ८०. वरचा ३६१ मीटरांचा प्रश्न सुटतो तो इथे. बीला रस्त्यालाच डोळे येतात. खांबावरचे कॅमेरे आणि रडार एकेक वाहन टिपतात आणि ते चित्र गाड्यांना त्याच क्षणी पुरवतात, म्हणजे वळणापलीकडचा बंद पडलेला ट्रक गाडीला दिसायच्या आधीच माहीत असतो. एला रस्ता नुसता सांगत नाही, गाड्यांना मार्गदर्शनही करतो. तू ९०ने चाल, तू मधल्या लेनमध्ये ये, म्हणजे पुढची कोंडी टळेल.

श्रेणी अख्ख्या महामार्गाला द्यायची नसते, तुकड्याला द्यायची असते, हे लक्षात ठेवा. टोल नाक्याच्या आसपास सी आणि पुढे वीस किलोमीटर ई, असं सर्रास असू शकतं.

मला आयसॅडबद्दल एक तक्रार आहे, आणि ती ग्राझमध्येही मी केली होती. ही शिडी माहितीची आहे, रंगाची आणि डांबराची नाही. उत्कृष्ट बांधलेला, पट्टे लख्ख असलेला रस्ता डिजिटल काही नसेल तर ईमध्येच राहतो. उलट खड्डे पडलेल्या रस्त्यावर खांब उभे करून संदेश सोडले की कागदावर तो सी होतो. निविदा काढणाऱ्याला खांब आवडतात. उद्घाटन खांबाचं होतं, पट्ट्याचं कुणी करत नाही.

आणि आजच्या लेव्हल २ गाडीचं पोट भरतं ते पट्ट्यावर. युरोपातल्या रोडमार्किंगवाल्यांचा सूत्रासारखा आग्रह आहे: पट्टा १५० मिलिमीटर रुंद, आणि रात्री परतणारा उजेड किमान १५० एककं. अमेरिकेतही कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये सहा इंची, म्हणजे साधारण तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यांकडे जायचं ठरवलं आणि लेनच्या रेषेवर बसवलेली ती गोल बटणं काढायला घेतली. डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत तर स्वयंचलित वाहनांना उपयोगी पडतील अशा पट्ट्या-पाट्यांसाठी वेगळा भागच घातला आहे.

हा उजेड मोजतात कसा, ते सांगतो. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं यंत्र असतं. लेन बंद करून ते पट्ट्यावर ठेवायचं, बटण दाबायचं. आत एक दिवा आणि एक डोळा असतो, आणि त्यांचे कोन असे जुळवलेले असतात की ३० मीटर पुढचा पट्टा गाडीतल्या माणसाला कसा दिसेल ते आकड्यात यावं: दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर, डोळा १२० सेंटिमीटरवर. पट्ट्याच्या रंगात काचेचे बारीक मणी पेरलेले असतात, तेच हेडलाइटचा उजेड परत पाठवतात. नव्या पट्ट्यावर आकडा तीनशेच्या घरात येतो. ट्रकची चाकं सतत जातात तिथे मणी उडून जातात आणि ऐंशीही येत नाही. मग त्याच जागी बाटलीभर पाणी ओता आणि पुन्हा बटण दाबा. मणी पाण्याखाली बुडाले की आकडा कोसळतो. ओल्या पट्ट्यासाठी युरोपात ३५ची अपेक्षा धरतात, आणि साध्या सपाट पट्ट्याला तेवढंही जड जातं. पावसात तुमची गाडी लेन सोडते ती या कारणाने. तिचा डोळा चांगला आहे, समोर बघायला काही उरलेलं नाही.

काँक्रीटच्या रस्त्यावर आणखी एक अडचण. राखाडी-पांढऱ्या पृष्ठभागावर पांढरा पट्टा, आणि सूर्य समोर मावळतीला. माणूस अंदाजाने चालवतो, कॅमेऱ्याला फरकच दिसत नाही. म्हणून काही ठिकाणी पट्ट्याला लागून काळी किनार देतात. उलटा प्रकारही होतो. एका कामावर रात्री लेव्हल २ची गाडी घेऊन आम्ही परीक्षण करत होतो. भेगा बुजवायला सोडलेली डांबराची लांब रेघ ओलसर रस्त्यावर चमकत होती आणि गाडी पट्टा सोडून त्या रेघेच्या मागे निघाली. स्टिअरिंगवर माझे हात होते म्हणून ठीक. शेजारी बसलेले ठेकेदाराचे अभियंते मात्र पुढचा अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.

आता तुमचा घाट. वळणात गाडीवर बाजूला खेचणारा जोर पडतो, तो वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून निघतो. युरोपात लेन धरून ठेवणाऱ्या यंत्रणांना नियमाने घातलेली कमाल मर्यादा दर सेकंदवर्गाला ३ मीटर आहे. वळणाचा आडवा उतार सोडून देऊ. त्रिज्या ८० मीटर आणि वेग ताशी ६० असेल तर उत्तर येतं साडेतीन. मर्यादेबाहेर, यंत्रणा हात सोडणार. त्याच वळणावर ताशी ५०ला उत्तर २.४. आत. बऱ्याच कंपन्या ३च्याही खूप खाली थांबतात, कारण प्रवाशाला कडेला ढकलल्यासारखं वाटतं. तुमच्या गाडीचा आकडा काय धरलाय ते सांगता येणार नाही, पण मॅन्युअलमध्ये "तीव्र वळणांवर यंत्रणा बंद होऊ शकते" असं वाक्य नक्की सापडेल. घाटात यंत्रणेने सोडलं म्हणजे ती बिघडली असं नाही. ती कार्यकक्षेबाहेर गेली.

याच गोष्टीवर व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी प्रत्यक्ष गाड्या चालवून काम केलं: कुठल्या वळणावर, कुठल्या वेगाला लेव्हल २ची यंत्रणा सोडते. त्यातून त्यांनी मांडलं की वळणाला माणसासाठी जसा डिझाइन वेग असतो तसा यंत्रणेसाठीही एक वेग असतो, आणि लहान त्रिज्येच्या वळणांवर तो माणसापेक्षा कमी निघतो. मला हे फार आवडलं, कारण रस्त्याच्या जुन्या आराखड्यावरून ते काढता येतं, एकही खांब लावावा लागत नाही.

पियार्क या जागतिक रस्ते संघटनेने २०२१मध्ये या दोन्ही बाजू एकत्र केल्या. रस्त्याचा देह एका बाजूला, म्हणजे वळणं, पट्टे, कडेची जागा, आणि त्याचं डिजिटल अंग दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिळून पाच वर्ग. सगळ्यांत खाली ह्यूमनवे, जिथे माणसानेच चालवावं. वर असिस्टेडवे, ऑटोमेटेडवे, फुल ऑटोमेटेडवे, आणि शेवटी ऑटोनॉमसवे, म्हणजे फक्त तशाच गाड्यांसाठी राखलेला. नावं मला जरा कृत्रिम वाटतात, पण मांडणी आयसॅडपेक्षा प्रामाणिक आहे.

मग आपला एक्स्प्रेसवे कितवीत? माझ्या हिशेबाने आयसॅडवर ई. मार्गावर कॅमेरे आहेत, संदेशाचे फलक आहेत, पण फलक तुमच्यासाठी आहे, गाडीसाठी नाही. तीच माहिती प्रमाणित डिजिटल रूपात गाडीपर्यंत जात नाही तोवर सी म्हणता येत नाही. पियार्कच्या मांडणीत सरळ भाग कोरड्या दिवशी असिस्टेडवे, घाट ह्यूमनवे. समृद्धीवरही लांबच लांब सरळ तुकडे दिवसा असिस्टेडवेमध्ये बसावेत. पण तिथे मला पट्ट्यापेक्षा चालकाच्या पापण्यांची काळजी जास्त, कारण लेव्हल २मध्ये नजर त्याची आहे आणि रस्ता झोप आणणारा.

लेव्हल ४चं आपल्याकडे काय, असं पुढे विचाराल. नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं एकाहून अधिक वेळा जाहीरपणे सांगितलं आहे. पण अशा गाड्या धावतात त्या अमेरिकेतही रस्त्याचा प्रश्न सुटलेला नाही. डिसेंबर २०२५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भाग अंधारात गेला, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या चालक नसलेल्या गाड्या चौकाचौकात थबकल्या. सेवा तात्पुरती थांबवावी लागली. गाडी लेव्हल ४, शहराची वीज गेली.

आता तुमच्यापुरतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा, आणि यंत्रणेने सोडलं की शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा: किलोमीटरचा दगड, लेन, वेग, ऊन की पाऊस. पंधरावीस नोंदी पुरे. त्याच त्या दगडापाशी सोडत असेल तर रस्ता. जागा वेगळ्या पण प्रत्येक वेळी पाऊस किंवा समोरचं ऊन असेल तर पट्टे आणि काच, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा काचेचा तुकडा आधी आतूनही पुसून बघा. कोरड्या दिवशी, सरळ रस्त्यावर, लख्ख पट्ट्यांवर सोडत असेल तर गाडी. मध्यंतरी पुढची काच बदलली होती का, ते आठवा. काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या काचवाल्याकडे ते अनेकदा राहून जातं. तसं असेल तर शोरूममध्ये कॅलिब्रेशनची पावती मागा. घाटात मात्र लोणावळा सोडलं की यंत्रणा स्वतःच बंद करा, ती मध्येच सोडायची वाट बघू नका.